विश्लेषण : नरक रिकामा असू शकतो का? ख्रिस्ती धर्मात नरकावरून दोन हजार वर्षे वाद का सुरू आहे?

नरक आहे की नाही, यापेक्षा तो ‘कशासाठी’ आहे यावर ख्रिस्ती धर्मात अधिक वाद झाले. बदला, जरब, सुधारणा की माणसाच्या स्वातंत्र्याचा परिणाम? या एका प्रश्नाच्या उत्तराने काहींच्या नोकऱ्या गेल्या, चर्च रिकामी झाली आणि पूर्वज गमावलेल्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

१४ जानेवारी २०२४. इटलीतील ‘के तेम्पो के फा’ या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात पोप फ्रान्सिस यांची मुलाखत सुरू होती. देव सर्वांनाच क्षमा करत असेल तर नरकाची कल्पना तुम्ही कशी करता, अशा आशयाचा प्रश्न सूत्रसंचालक फाबिओ फाझिओ यांनी विचारला. आपण सांगतो तो धर्मसिद्धान्त नाही, वैयक्तिक मत आहे, असे पोप यांनी आधी स्पष्ट केले. मग ते म्हणाले, की नरक रिकामा आहे असा विचार करायला आपल्याला आवडते आणि तो तसा असेल अशी आपल्याला आशा आहे.

हे दोन वाक्यांचे उत्तर काही तासांत जगभर पोहोचले. अनेकांना दिलासा वाटला. अनेकांनी उलट प्रश्न केला : नरकात कोणी जाणारच नसेल, तर चांगले वागायचे कशासाठी? येशूचे क्रुसावरचे मरण कशासाठी? आणि गेली पाचशे वर्षे मिशनरी जिवावर उदार होऊन समुद्र ओलांडत होते ते कशासाठी?

पोप यांनी नरक नाकारला का?

नाही. ‘नरक रिकामा असावा’ आणि ‘नरक नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. या दोन्हींची गल्लत याआधीही झाली होती. मार्च २०१८ मध्ये इटलीतील ज्येष्ठ पत्रकार युजेनिओ स्काल्फारी यांनी पोप यांच्याशी झालेल्या संभाषणाच्या आधारे लेख लिहिला. नरक अस्तित्वात नाही, पश्चात्ताप न करणारे आत्मे नाहीसे होतात, असे पोप म्हणाल्याचे त्यात छापून आले. हे पोप यांच्या शब्दांचे अचूक शब्दांकन नाही, असा खुलासा व्हॅटिकनने लगेच केला होता.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका १९९२ च्या ‘कॅटेकिझम’मध्ये, म्हणजे धर्मशिकवणीच्या संहितेत नोंदवलेली आहे. नरक आहे आणि तो सार्वकालिक आहे, असे ही संहिता सांगते. मात्र नरकातील मुख्य शिक्षा म्हणजे देवापासूनचा कायमचा वियोग, असे त्यात म्हटले आहे. माणूस स्वतःच स्वतःला देवापासून तोडतो आणि देव कोणालाही आधीपासून नरकासाठी नेमत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मधील प्रवचनात नरक म्हणजे एखादे ठिकाण असण्यापेक्षा ती एक अवस्था आहे, असे समजावून सांगितले होते.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कॅथलिक चर्चने हजारो जणांना संत घोषित केले, म्हणजे ते स्वर्गात आहेत असे जाहीर केले. पण अमुक एक माणूस नरकात आहे, असे चर्चने आजवर कोणाचेही नाव घेऊन अधिकृतपणे घोषित केलेले नाही.

बायबलमध्ये नरकासाठी एकच शब्द आहे का?

वादाचे एक मूळ भाषांतरात आहे. इंग्रजीत ज्याला ‘हेल’ म्हणतात, त्यामागे मूळ हिब्रू व ग्रीक बायबलमध्ये चार वेगळे शब्द आहेत.

हिब्रूतील ‘शिओल’ म्हणजे मृतांचे जग. तेथे चांगले-वाईट सगळेच जातात आणि आग वगैरे नसते. ग्रीकमधील ‘हेडीस’ हा साधारण त्याच अर्थाचा शब्द. ‘टार्टरस’ हा शब्द नव्या करारात एकदाच, तोही पापी देवदूतांच्या संदर्भात येतो. उरला ‘गेहेन्ना’. येशूच्या तोंडी आगीच्या शिक्षेसंदर्भात येणारा शब्द प्रामुख्याने हाच. नव्या करारात तो १२ वेळा येतो. त्यांतील ११ उल्लेख मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहेत.

१६११ मध्ये निघालेल्या किंग जेम्स बायबलने शिओलच्या ६५ पैकी ३१ जागी, हेडीसच्या बहुतेक सर्व जागी आणि गेहेन्नाच्या सर्व जागी ‘हेल’ हा एकच शब्द वापरला. त्यामुळे कबर, मृतांचे जग आणि शिक्षेची आग यांतला फरक इंग्रजी वाचकासाठी पुसला गेला. या बाबतीत प्रचलित मराठी बायबल अधिक काटेकोर आहे. त्यात शिओल आणि हेडीससाठी ‘अधोलोक’, तर गेहेन्नासाठी ‘नरक’ असे वेगळे शब्द आहेत.

गेहेन्ना ही खरी जागा होती?

होय, आणि आजही ती पाहता येते. जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या नैर्ऋत्येला आणि दक्षिणेला हिन्नोमचे खोरे आहे. ‘गे-हिन्नोम’चे ग्रीकमध्ये ‘गेहेन्ना’ झाले. या खोऱ्यातील तोफेत नावाच्या जागी मुलांना आगीत अर्पण केले जात असे, अशी नोंद जुन्या करारात आहे. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून ही प्रथा बंद पाडली. यिर्मया संदेष्ट्याने तर या खोऱ्याला पुढे ‘कत्तलीचे खोरे’ म्हटले जाईल, असा इशारा दिला. म्हणजे येशूच्या श्रोत्यांसाठी ‘गेहेन्ना’ हा शब्द केवळ कल्पनेतला नव्हता. माणसांनी स्वतःच्या मुलांचे काय केले होते, याची ती आठवण होती.

येथे एका लोकप्रिय दाव्याची पडताळणी करायला हवी. येशूच्या काळात या खोऱ्यात शहराचा कचरा सतत जळत असे आणि त्यावरून नरकाच्या आगीची कल्पना आली, असे अनेक प्रवचनांत आणि व्हिडिओंत सांगितले जाते. मात्र या दाव्याचा सर्वात जुना ज्ञात उल्लेख इसवी सन १२०० च्या आसपासचे ज्यू भाष्यकार डेव्हिड किम्ही यांच्या लिखाणातला, म्हणजे येशूनंतर सुमारे बाराशे वर्षांनंतरचा आहे. त्याला पुरातत्त्वाचा ठोस आधार मिळालेला नाही.

मुख्य मते कोणती?

पहिले मत : कायमची यातना. पाचव्या शतकातील संत ऑगस्टिन यांनी या मताला भक्कम चौकट दिली आणि पुढे पश्चिमी चर्चमध्ये तेच रूढ झाले. त्यांचा मुख्य आधार मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ वा अध्याय. तेथे ‘सार्वकालिक जीवन’ आणि ‘सार्वकालिक शिक्षा’ हे शब्द एकाच वाक्यात येतात. जीवन न संपणारे असेल, तर शिक्षाही न संपणारीच हवी, असा त्यांचा युक्तिवाद. शरीर आगीत जळत राहूनही नष्ट कसे होणार नाही, या प्रश्नावर त्यांनी चक्क निसर्गातील दाखले दिले. मोराचे मांस सडत नाही असे ऐकून कार्थेजमध्ये आपण एक तुकडा ठेवून पाहिला आणि वर्षभरानंतरही तो फक्त सुकून आक्रसला होता, असे त्यांनी ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथात नोंदवले आहे.

दुसरे मत : समूळ नाश. आत्मा स्वभावतःच अमर नाही, अमरत्व ही देवाची देणगी आहे आणि ती नाकारणारा शेवटी अस्तित्वातूनच नाहीसा होतो, असे हे मत. देव शरीर व आत्मा दोन्हींचा नाश करू शकतो, हे येशूचे विधान आणि प्रकटीकरणातील ‘दुसरे मरण’ हे शब्द त्याचे आधार. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ हे मानतो. यहोवाचे साक्षीदारही जळता नरक मानत नाहीत. जगभर मान असलेले ब्रिटिश इव्हान्जेलिकल धर्मगुरू जॉन स्टॉट यांनी १९८८ मध्ये या मताकडे आपला कल असल्याचे सावधपणे लिहिले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिद्धान्त आयोगाने १९९५ च्या अहवालात नरक म्हणजे अनंत छळ नव्हे, तर देवाला पूर्ण विरोध निवडणाऱ्याचे शून्यत्व, अशी मांडणी केली.

तिसरे मत : शेवटी सर्वांचा उद्धार. नरक आहे, पण तो शुद्धीसाठी आहे आणि कधी तरी संपणार आहे, असे हे मत. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे विद्वान ओरिजेन यांनी ते मांडले. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात ओरिजेन यांच्या नावाशी जोडलेल्या मतांचा निषेध झाला. मात्र जवळपास हीच आशा बाळगणारे चौथ्या शतकातील निसाचे ग्रेगरी आजही संत मानले जातात. २०१९ मध्ये अमेरिकी ऑर्थोडॉक्स विचारवंत डेव्हिड बेंटली हार्ट यांनी याच मताच्या बाजूने पुस्तक लिहून वाद पुन्हा पेटवला.

पोप फ्रान्सिस यांची भूमिका या तिन्हींत नेमकी बसत नाही. सर्वांचा उद्धार ‘होईल’ असे म्हणणे वेगळे आणि तो व्हावा अशी ‘आशा’ धरणे वेगळे. विसाव्या शतकातील स्विस कॅथलिक विचारवंत हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी ही आशेची भूमिका सविस्तर मांडली होती.

एकाच ग्रंथातून इतकी मते कशी निघतात?

अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस टॅलबट यांनी हे कोडे तीन विधानांत मांडले आहे.

१. देवाचे सर्वांवर प्रेम आहे आणि सर्वांचा उद्धार व्हावा अशी त्याची इच्छा आहे.
२. देवाची इच्छा शेवटी पूर्ण होतेच.
३. काही माणसे कायमची देवापासून तुटतात.

तिन्ही विधानांना बायबलमध्ये आधार दाखवता येतो. पण तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. कोणतीही दोन मानली की तिसरे सोडावे लागते.

ऑगस्टिन आणि सोळाव्या शतकातील जॉन कॅल्विन यांच्या परंपरेने पहिल्याला मर्यादा घातली : देवाने काहींनाच उद्धारासाठी निवडले आहे. मेथडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली यांच्यासारख्यांनी दुसऱ्याला मर्यादा घातली : देवाची इच्छा आहे, पण माणसाने नकार दिला तर देव बळजबरी करत नाही. सर्वांचा उद्धार मानणारे तिसरे विधान सोडतात. समूळ नाश मानणारे तिसरे विधान ठेवतात, फक्त ‘तुटणे’ याचा अर्थ बदलतात.

म्हणजे वाद वरवर आगीबद्दल दिसतो. प्रत्यक्षात देव कसा आहे, त्याचे प्रेम मोठे की सत्ता मोठी की माणसाचे स्वातंत्र्य मोठे, याबद्दलचा हा वाद आहे.

नरकाचा उद्देश काय?

कायद्याच्या विद्यार्थ्याला शिक्षेचे उद्देश शिकवले जातात : केलेल्याची परतफेड, इतरांना जरब, गुन्हेगाराची सुधारणा. नरकाचे समर्थन करतानाही हेच उद्देश सांगितले गेले. प्रत्येकाची स्वतःची अडचण आहे.

परतफेड हा उद्देश मानला तर प्रमाणाचा प्रश्न येतो. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातील पापांना न संपणारी शिक्षा कशी? ऑगस्टिन यांचे उत्तर होते, की गुन्ह्याला लागलेला वेळ आणि शिक्षेचा काळ यांचा संबंध नसतो. खून क्षणात होतो, शिक्षा दीर्घ असते. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी वेगळी बाजू मांडली : ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तो देव अनंत आहे, म्हणून अपराधाचे गांभीर्यही अनंत. टीकाकारांचे म्हणणे असे, की माणसाची समज आणि ताकद मर्यादित असताना त्याचा अपराध अनंत कसा ठरेल?

जरब हा उद्देश मानला तर अडचण काळाची. भीतीमुळे जिवंत माणूस पापापासून दूर राहील, हे समजण्यासारखे आहे. पण अंतिम न्यायानंतर सगळ्यांचे निकाल लागून गेल्यावर ती शिक्षा पाहून सावध होणारे कोणी उरतच नाही. मग आग पुढे चालू ठेवण्याचे कारण काय?

सुधारणा हा उद्देश मानला तर शिक्षेला शेवट असायलाच हवा. ज्या तुरुंगातून कोणी कधीच सुटणार नाही, तो सुधारगृह असू शकत नाही. म्हणूनच सुधारणेचा विचार करणारे बहुतेक जण सर्वांच्या उद्धाराच्या मताकडे झुकतात.

या तिन्ही अडचणींतून वाट काढण्यासाठी विसाव्या शतकात चौथे उत्तर पुढे आले : नरक ही देवाने दिलेली शिक्षाच नव्हे, तो माणसाच्या निवडीचा परिणाम आहे. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये नरकाच्या दारांची कडी आतून लावलेली असते, अशी कल्पना मांडली. प्रेम बळजबरीने करवून घेता येत नाही, म्हणून ‘नाही’ म्हणण्याची मुभा खरी असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. जॉन पॉल दुसरे आणि कॅटेकिझम यांची भाषाही याच वळणाची आहे. यावरही आक्षेप आहेच. सत्य पूर्ण समजल्यावर कोणी स्वतःहून अनंत दुःख का निवडेल? आणि समजलेच नसेल, तर ती निवड मुक्त कशी?

पूर्वेकडील चर्चचे म्हणणे काय?

पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत आणखी एक वेगळा विचार आहे. सातव्या शतकातील निनवेचे बिशप संत आयझॅक हे मूळचे आजच्या कतारच्या परिसरातील. त्यांच्या मते नरकातील माणसाला जाळते ते देवाचे प्रेमच. ज्याच्या प्रेमाचा आपण घात केला त्याच्यासमोर उभे राहण्याचे दुःख, हीच ती आग. स्वर्ग आणि नरक या दोन वेगळ्या जागा नव्हेत. एकाच प्रकाशात कोणाला ऊब मिळते, कोणाला चटका.

आयझॅक यांच्या हरवलेल्या लेखनाचा एक मोठा भाग १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात संशोधक सेबास्टियन ब्रॉक यांना सापडला. नरक हा देवाच्या करुणेचाच भाग असून तो कायमचा नाही, अशी मांडणी त्यात स्पष्टपणे आढळते.

पर्गेटरी म्हणजे तात्पुरता नरक का?

अनेकांचा येथे गोंधळ होतो. कॅथलिक शिकवणीनुसार पर्गेटरी, म्हणजे शुद्धीची अवस्था, ही नरकाची सौम्य आवृत्ती नव्हे. तेथे असलेला प्रत्येक आत्मा शेवटी स्वर्गातच जाणार असतो. नरकातून मात्र सुटका नाही. २ नोव्हेंबरला गोवा, वसई आणि मुंबईतील दफनभूमींत मेणबत्त्या व फुले घेऊन जाणारी कुटुंबे ज्या मृतात्म्यांसाठी प्रार्थना करतात, ते याच अवस्थेतील. प्रोटेस्टंट पंथ पर्गेटरी मानत नाहीत. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी पहिला आघात केला तो पर्गेटरीतील शिक्षा माफ करून देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवरच.

पूर्वजांचे काय? जपानमधून आलेला प्रश्न

या वादाची सर्वात दुखरी बाजू आपल्या अगदी जवळ आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकात ज्यांचे अवशेष आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ ते १५५१ या काळात जपानमध्ये होते. परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपातील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक अनुभव नोंदवला.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या जपान्यांना एक गोष्ट असह्य होत होती. नरकात गेलेल्यांची सुटका नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. मग ज्यांच्यापर्यंत हा धर्म कधी पोहोचलाच नाही, त्या आईवडिलांचे आणि आजा-पणजांचे काय? जपानमधील बौद्ध पंथांत मृतांसाठी विधी आणि प्रार्थना करून त्यांना सोडवता येते, अशी श्रद्धा होती. देव त्यांना बाहेर काढू शकत नाही का, ही शिक्षा कधीच का संपत नाही, असे ते विचारत आणि रडत. त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही वाईट वाटते, असे झेवियर यांनी लिहिले. पण उत्तर बदलले नाही. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरातील कोणालाही त्या रडण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

त्या काळात झेवियर यांच्यापुढे दुसरे उत्तरही फारसे नव्हते. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने १४४२ मध्ये चर्चबाहेर राहून मरणाऱ्यांना उद्धार नाही, असे कठोर शब्दांत नमूद केले होते. झेवियर यांच्या वणवणीमागे हीच तळमळ होती : आपण पोहोचलो नाही तर हे लोक बुडतील.

चर्चचे उत्तर बदलायला पुढे चारशे वर्षे लागली. १९५३ मध्ये बॉस्टनचे धर्मगुरू लिओनार्ड फीनी यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. ‘चर्चबाहेर उद्धार नाही’ या वाक्याचा सर्वात कडक अर्थ ते लावत होते, त्यावरून वाद पेटला आणि रोमने बोलावूनही ते गेले नाहीत. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने जाहीर केले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त माहीत झाला नाही, पण जे सद्सद्विवेकाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने बाप्तिस्मा न होता मरण पावलेल्या बालकांच्या उद्धाराचीही आशा धरता येते, असे म्हटले. त्याआधी शतकानुशतके अशा बालकांसाठी ‘लिंबो’ ही नरकाच्या सीमेवरची जागा सांगितली जात होती.

मत बदलल्याची किंमत कोणी मोजली?

१८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने प्राध्यापक एफ. डी. मॉरिस यांना काढून टाकले. ‘सार्वकालिक’ या शब्दाचा अर्थ ‘न संपणारा काळ’ असाच होतो का, एवढा प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता.

अमेरिकेतील कार्लटन पिअर्सन यांची कहाणी अधिक अलीकडची. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात त्यांच्या चर्चमध्ये हजारो भाविक येत. नव्वदच्या दशकात एका संध्याकाळी लहान मुलीला मांडीवर घेऊन ते टीव्ही पाहत होते. पडद्यावर रवांडातील निर्वासितांची उपाशी मुले दिसत होती. ही माणसे ख्रिस्ती नसतील तर मेल्यावर थेट नरकात जाणार, असेच आपण आजवर शिकवत आलो, हे त्यांच्या लक्षात आले. ही माणसे तर आताच नरकात आहेत, असे त्यांना वाटले. त्यानंतर ते सर्वांच्या उद्धाराचे प्रवचन देऊ लागले. २००४ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन पेन्टेकोस्टल बिशपांच्या मंडळाने त्यांना पाखंडी ठरवले. भाविक पांगले, पुढे चर्चची इमारतही कर्जापायी गेली. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने त्यांच्यावर ‘कम संडे’ हा चित्रपट आणला. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मत त्यांनी शेवटपर्यंत बदलले नाही.

२०११ मध्ये मिशिगनमधील पाद्री रॉब बेल यांचे ‘लव्ह विन्स’ हे पुस्तक येण्याआधीच ज्येष्ठ धर्मोपदेशक जॉन पायपर यांनी तीन शब्दांचे ट्वीट करून त्यांना निरोप दिला. पुढे बेल यांनी स्वतः स्थापन केलेले चर्च सोडले.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. नरकाची शिकवण सोडायला तयार नसलेले सगळेच कठोर नसतात. नरसंहार करणारा आणि त्याचे बळी यांचा शेवट सारखाच, असे मानले तर बळींना न्याय कोठे मिळाला, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो हलका नाही.

भीतीने माणूस सुधारतो का?

८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेतील एनफिल्ड गावात जोनाथन एडवर्ड्स यांनी नरकावर दिलेले प्रवचन प्रसिद्ध आहे. श्रोत्यांच्या रडण्या-ओरडण्याने त्यांना मध्येच थांबावे लागले होते. अशा भीतीचा समाजावर परिणाम होतो का, याचा अभ्यासही झाला आहे. २०१२ मध्ये अझीम शरीफ आणि मिज्के रेमतुल्ला या संशोधकांनी ६७ देशांची आकडेवारी तपासली. जेथे नरकावर विश्वास जास्त तेथे गुन्हेगारी कमी आणि जेथे केवळ स्वर्गावरचा विश्वास नरकापेक्षा जास्त तेथे गुन्हेगारी अधिक, असा संबंध त्यांना आढळला. मात्र हा सहसंबंध आहे. एकामुळेच दुसरे घडते, असे त्यातून सिद्ध होत नाही.

प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ मधील पाहणीनुसार अमेरिकेतील ७३ टक्के प्रौढ स्वर्ग मानतात, तर नरक मानणारे ६२ टक्के आहेत. म्हणजे स्वर्ग आहे पण नरक नाही, असे मानणाराही एक वर्ग आहे.

मराठी ‘नरक’ आणि ख्रिस्ती नरक एकच का?

शब्द एक असला तरी कल्पना वेगळी आहे. भागवत पुराणात २८ नरकांची यादी आहे आणि गरुड पुराणातील वर्णने अंगावर काटा आणणारी आहेत. पण तेथील मुक्काम कर्मफळ संपेपर्यंतच असतो. नंतर पुढचा जन्म असतो. रूढ ख्रिस्ती शिकवणीत जन्म एकच आणि निकालही एकदाच. त्यामुळे ‘नरक’ हा शब्द ऐकताना मराठी माणसाच्या मनात जी मुदत गृहीत असते, ती पाश्चात्त्य ख्रिस्ती नरकाला नाही.

तरीही शब्द उसने घ्यावेच लागले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. गोव्यातील कोकणी कॅथलिक आजही नरकाला ‘यमकोंड’ म्हणतात. चर्चमधील नरकाच्या नावात यम आहे, याचे तेथे कोणालाही नवल वाटत नाही.

मग आज स्थिती काय?

कॅथलिक चर्चने नरक रद्द केलेला नाही आणि पोप फ्रान्सिस यांच्या विधानाने अधिकृत शिकवण बदललेली नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सर्वांसाठी प्रार्थना करण्याची आणि निकाल देवावर सोडण्याची वृत्ती आहे. प्रोटेस्टंटांमध्ये तिन्ही मते शेजारी शेजारी नांदतात. ब्रिटनच्या इव्हान्जेलिकल अलायन्सने २००० मधील अहवालात समूळ नाशाच्या मताला अल्पसंख्य, पण चौकटीतलेच मत मानले. कायमच्या यातनेचे मत मानणारेही मोठ्या संख्येने आहेत.

बदल झाला आहे तो बोलण्याच्या पद्धतीत. ‘कोण नरकात जाणार’ हे ठामपणे सांगणारे आवाज अनेक चर्चमध्ये कमी झाले आहेत. १५५२ मध्ये झेवियर यांना विचारला गेलेला प्रश्न आज गोव्यातील एखाद्या धर्मशिक्षण वर्गात विद्यार्थ्याने विचारला, तर कॅथलिक शिकवणीनुसार त्याला मिळणारे उत्तर वेगळे असेल : तुझ्या पणजोबांचा निकाल आपल्या हाती नाही, तो देवाच्या हाती आहे, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू शकतो आणि आशा धरू शकतो. त्या जपानी माणसांना निदान एवढे तरी ऐकायचे होते.